पी४ ते पी१ : एका चालत्या सिसप्लेक्सच्या अपग्रेडच्या नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

कामाला आज रीतसर सुरुवात. ग्राहक अमेरिकेतली एक विमा कंपनी, यंत्रं तिकडे पूर्व किनाऱ्यावर, आणि आम्ही सहा जण इकडे हिंजवडीत. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, पण गेली अकरा वर्षं हाकतोय, शेळ्या ओळखीच्या झाल्या आहेत.

आधी मांडणी लिहून ठेवतो. दोन झेड१५ यंत्रं (आयबीएमचे मेनफ्रेम), 'अ' आणि 'ब'. पी१ आणि पी३ या सिस्टीम 'अ' वर, पी२ आणि पी४ 'ब' वर. चौघींचा मिळून एक पॅरलल सिसप्लेक्स, म्हणजे बाहेरून एकच वाटणारा गट. मध्ये दोन कपलिंग फॅसिलिटी (चौघींची सामाईक स्मृती), प्रत्येक यंत्रावर एक. डेटाची कुलुपं (एकच रेकॉर्ड दोघींनी एकदम बदलू नये म्हणून), सामाईक बफर आणि याद्या तिथे राहतात, म्हणून चारही सिस्टीम एकच डीबी२ डेटाबेस एकाच वेळी वाचू-लिहू शकतात. आयबीएमने ही रचना १९९४ मध्ये आणली आणि एका सिसप्लेक्समध्ये ३२ सिस्टीमपर्यंत बसतात. आपल्याकडे चारच, पण चारांतली एक काढली तरी बाहेर कुणाला कळता कामा नये, ही अट तीच.

आज चौघी झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २.४ आवृत्तीवर आहेत. तिचा आधार (आयबीएमचा सपोर्ट) ३० सप्टेंबर २०२४ ला संपतो. जायचंय ३.१ वर, जी गेल्या सप्टेंबरमध्ये आली. २.४, २.५ आणि ३.१ या लागोपाठच्या तीन आवृत्त्या एका सिसप्लेक्समध्ये एकत्र नांदू शकतात, म्हणून २.५ ला वळसा घालून थेट उडी मारता येते. पण ३.१ च्या शेजारी चालणारी सगळ्यात जुनी आवृत्ती २.४ च. आपण शेवटच्या पायरीवर उभे आहोत.

विंडो, म्हणजे बदलासाठी मिळालेली वेळ: रविवारी तिकडच्या रात्री १ ते ५, आपल्याकडे सकाळी १०:३० ते दुपारी २:३०.

बैठकीत ग्राहकाच्या व्यवस्थापकाने विचारलं, आयपीएल (सिस्टीम नव्याने उठवणं) होणारच आहे तर त्याच फेरीत सीआयसीएसही (व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) नवं का नको? नको म्हणालो. उद्या पी४ वर काही बिघडलं तर संशयित एकच असायला हवा. फक्त ऑपरेटिंग सिस्टीम बदलणार. डीबी२, सीआयसीएस, एमक्यू (निरोपांच्या रांगा सांभाळणारं) यांना हात लावायचा नाही.

२४ जून, सोमवार

लोकांना वाटतं की रोलिंग अपग्रेड म्हणजे एकेक सिस्टीम खाली घ्यायची, नवीन डिस्कवरून उठवायची, पुढची घ्यायची. त्याआधी जुन्या सिस्टीमना नव्या पाहुणीची ओळख करून द्यावी लागते. ३.१ ने लिहिलेलं सामाईक डेटासेटमधलं एखादं रेकॉर्ड २.४ ला वाचता आलं पाहिजे, निदान ते बघून ती कोसळता कामा नये. त्यासाठी सहअस्तित्वाचे पीटीएफ (आयबीएमच्या दुरुस्त्या) असतात आणि ते २.४ वर चढवायचे असतात.

एसएमपी/ई मध्ये (दुरुस्त्या चढवण्याचं साधन) त्यांचा वेगळा फिक्सकॅट गट आहे. मिसिंगफिक्स अहवाल काढला: आपल्याकडे ४१ नाहीत. अप्लाय चेक (चढवण्याची रंगीत तालीम) चालवला, त्यात तीन ठिकाणी होल्ड ॲक्शन, म्हणजे आधी वाचायच्या सूचना. वाचून बघितले. एक निव्वळ माहितीचा, दोघांना आयपीएल हवा.

थोडक्यात, ३.१ चा एकही बाइट चढवण्याआधी चारही सिस्टीम एकदा फिरवून घ्यायच्या, तेही २.४ वरच. नमनाला घडाभर तेल. नाशिकची नवी सहकारी म्हणाली, "सर, म्हणजे आठ आयपीएल?" होय, आठ.

३० जून, रविवार

आज पालख्या पुण्यात. अर्धे रस्ते बंद, त्यामुळे सगळे घरूनच. आईने सकाळीच बजावलं होतं की दर्शनाला जायचंय. दुपारी तीननंतर म्हटलं.

आज पी४ आणि पी३. रिकामं करण्याचा क्रम पुन्हा एकदा लिहून ठेवतो, कारण मागच्या वेळची टिपणं कुणाच्या तरी वहीत होती आणि ते गृहस्थ नोकरी सोडून गेले.

आधी नवी जोडणी बंद: सिसप्लेक्स डिस्ट्रिब्युटरला (बाहेरून येणाऱ्या जोडण्या वाटून देणारा) सांगायचं की या सिस्टीमवर आता नवीन टीसीपी जोडण्या पाठवू नकोस. असलेल्या चालू राहतात. मग सीआयसीप्लेक्सला (सीआयसीएसवर देखरेख करणारा) सांगून त्या सिस्टीमवरचे एओआर (ॲप्लिकेशन चालवणारे सीआयसीएसचे भाग) क्वाएस (नवं काम न घेता हळूहळू रिकामे) करायचे, म्हणजे नवे व्यवहार इतर तिघींकडे वळतात. बॅचचे इनिशिएटर (बॅच जॉब सुरू करणारे) थांबवायचे. एमक्यूच्या सामाईक रांगा कपलिंग फॅसिलिटीत असल्याने तिथे फारसं काही करावं लागत नाही, उरलेल्या तिघींपैकी कुणीही निरोप उचलतं. मग डीबी२ चा त्या सिस्टीमवरचा सदस्य क्वाएस पद्धतीने थांबवायचा, कास्टआउट (बदललेली पानं डिस्कवर उतरवणं) नको असं सांगून, कारण तो तासाभरात परत येणार आहे. शेवटी जेईएस२ (जॉबच्या रांगा सांभाळणारं), आणि मग एक्ससीएफला (सिस्टीमना एकमेकींशी जोडणारा) सांगायचं की ही सिस्टीम ऑफलाइन.

डीबी२ थांबवताना फोर्स (जबरदस्तीने बंद करणं) वापरायचा नाही, हे पुन्हा पुन्हा लिहितो. पूर्वी एका ठिकाणी विंडो संपत आली म्हणून एकाने फोर्स दिला होता. अर्धवट कामं तशीच राहिली, त्यांची कुलुपं रिटेन्ड झाली (तशीच लागलेली राहिली), आणि बाकीच्या सिस्टीमवरच्या व्यवहारांना रिसोर्स अनअव्हेलेबल यायला लागलं. एक सिस्टीम नीट खाली ठेवता आली नाही म्हणून सगळ्याच अडल्या. शेवटी तो सदस्य लाइट पद्धतीने दुसऱ्या सिस्टीमवर उठवून कुलुपं सोडवावी लागली.

आज दोन्ही सुरळीत. पी४ रिकामी व्हायला १७ मिनिटं, पी३ ला २२. दर्शन झालं.

७ जुलै, रविवार

पी२ झाली नाही.

१०:४० ला एओआर क्वाएस केले. ११ वाजता नवीन व्यवहार शून्य. पण दोन एओआरवर जुन्या संभाषणांचे व्यवहार येतच राहिले. ११:३०, १२, १२:३०. संख्या कमी होण्याऐवजी जवळपास तितकीच. सीआयसीप्लेक्समध्ये ॲफिनिटी बघितल्या: दीडशेच्या वर, सगळ्या कॉल सेंटरच्या टर्मिनलच्या. आयुष्य 'लॉगऑन'. म्हणजे टर्मिनल लॉगऑफ करेपर्यंत ते त्याच एओआरला बांधलेलं.

आणि कॉल सेंटरवाले लॉगऑफ करत नाहीत. शिफ्ट बदलते, माणूस बदलतो, पडदा तोच चालू. काही टर्मिनल नऊ दिवसांपूर्वी लॉगऑन झालेली.

मग आतापर्यंत आयपीएल कसे व्हायचे? जुनी चेंज तिकिटं उघडली. कॉल सेंटर रविवारी रात्री बंदच असायचं, म्हणून कुणाला दिसलंच नाही. या एप्रिलपासून ते चोवीस तास झालं. त्यांचे एओआर फक्त पी१ आणि पी२ वर आहेत, म्हणून मागच्या रविवारी पी३-पी४ ला काही जाणवलं नाही.

तिकडचा ड्यूटी मॅनेजर म्हणाला, दीडशे तर आहेत, पाडा, पुन्हा लॉगऑन करतील. खरं सांगायचं तर दहा मिनिटांचं काम होतं आणि दुपारी एकला मलाही मोह झाला. पण रात्री अपघात होऊन रस्त्याकडेला उभा असलेला माणूस फोनवर आपला दावा सांगतो आहे आणि समोरच्याचा पडदा कोरा होतो, याला सेवा अखंड म्हणत नाहीत. १:१० ला पी२ पुन्हा उघडली, बॅकआउट (माघार) नोंदवला. पी१ ला हात लावला नाही.

९ जुलै, मंगळवार

कारण सापडलं. दावा नोंदवणारा प्रोग्राम प्रत्येक पडद्यानंतर अर्धवट भरलेली माहिती टेम्पररी स्टोरेज क्यूमध्ये ठेवतो. ती क्यू स्थानिक, म्हणजे ज्या एओआरमध्ये लिहिली त्याच्याच मालकीची. पुढचा पडदा दुसऱ्या एओआरवर गेला तर क्यू सापडणार नाही. म्हणून कुणीतरी कधीकाळी ॲफिनिटी लावून प्रश्न मिटवला. प्रोग्राम १९९८ चा आहे, शेरा आद्याक्षरांत. लिहिणाऱ्याला दोष देत नाही, तेव्हा ते चाललं.

उपाय माहितीतला आहे: क्यू सामाईक पूलमध्ये न्यायची, कपलिंग फॅसिलिटीत. टीएसमॉडेलमध्ये (क्यू कुठे ठेवायची ते सांगणारी व्याख्या) क्यूच्या नावाचा उपसर्ग आणि पूलचं नाव दिलं की प्रोग्रामला हात न लावता क्यू सगळ्या एओआरना दिसते. मेख एकच. सामाईक क्यू रिकव्हरेबल नसते, म्हणजे व्यवहार फसला तर ती आपोआप पूर्ववत होत नाही. प्रोग्राम त्यावर विसंबून आहे का, हे ॲप्लिकेशनवाल्यांना विचारलं. दोन तासांनी उत्तर आलं: नाही, मधेच काही झालं तर तो सुरुवातीपासूनच विचारतो. लेखी घेतलं.

पूलसाठी सीएफआरएम पॉलिसीत (कपलिंग फॅसिलिटीत काय राहील ते ठरवणारी) नवं स्ट्रक्चर टाकावं लागेल. ते चालू असतानाच बदलता येतं.

१२ जुलै, शुक्रवार

उपाय तर ठरला, पण तो लावायचा कसा यावर कालचा सगळा दिवस गेला. चालू एओआरमध्ये टीएसमॉडेल बदललं तर अर्ध्यावर असलेल्या संभाषणांचं काय? त्यांची माहिती स्थानिक क्यूत, प्रोग्राम बघणार पूलमध्ये. दीडशे लोकांचे दावे अर्ध्यात तुटणार, ज्यासाठी रविवार सोडला तेच.

नाशिकच्या सहकारीने सुचवलं ते करतोय. पी१ आणि पी२ वर दोन-दोन नवे एओआर उठवायचे, नव्या टीएसमॉडेलसकट. जुने एओआर आजपासून क्वाएस. नवीन लॉगऑन नव्यांकडे जातील, जुन्या ॲफिनिटी जुन्यांकडेच राहतील आणि हळूहळू विरतील. मात्र त्या विरण्यासाठी लोकांनी लॉगऑफ करायला हवं. कॉल सेंटरच्या सुपरवायझर बाईंशी थेट बोललो. त्या म्हणाल्या, शिफ्ट बदलताना लॉगऑफ करायला सांगते, एवढंच ना? एवढंच होतं.

याच आठवड्यात चाचणी सिसप्लेक्सवर ३.१ पहिल्यांदा उठवली. आयपीएलमध्येच आयसीएच५७९ई हा संदेश: रॅकएफ (सुरक्षा आणि परवानग्या सांभाळणारं) डेटाबेसवरचे टेम्प्लेट जुन्या पातळीचे. ते नवे करणारा प्रोग्राम आयआरआरमिन००, अपडेट पार्मसकट, आधी चालवायला हवा होता. तो ३.१ बरोबर आलेलाच चालवायचा, २.४ वरचा नाही. नवे टेम्प्लेट जुन्या सिस्टीमनाही चालतात, त्यामुळे प्रॉडक्शनवर हे काम पहिल्या फेरीआधीच उरकून टाकू.

२० जुलै, शनिवार

काल जगभर जे झालं ते सगळ्यांनी बघितलं. एका सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल सगळीकडे एकदम गेली आणि विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टच्या आजच्या अंदाजानुसार ८५ लाख. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

मेनफ्रेमला काही झालं नाही, पण आमच्या कन्सोलसमोर बसणाऱ्या माणसांची डेस्कटॉप गेली. चारही सिस्टीम मजेत चालू आणि त्यांच्याकडे बघायला खिडकी नाही! रात्रभर तिकडचे ऑपरेटर मशीन रूममध्ये एचएमसीसमोर (यंत्राचा स्वतःचा कन्सोल) उभे.

उद्याची विंडो रद्द. ग्राहकाने सर्व बदल गोठवले. कुरकुर करण्यात अर्थ नाही; मीही तेच केलं असतं. एक आठवडा गेला.

२८ जुलै, रविवार

पी२ आणि पी१, दोन्ही २.४ वरच, सहअस्तित्वाच्या पीटीएफसह. पी२ रिकामी व्हायला १९ मिनिटं. कॉल सेंटरला कळलं नाही. सुपरवायझर बाईंना मुद्दाम फोन करून विचारलं, "काही जाणवलं का?" त्या म्हणाल्या, "कधी करणार आहात?" पाच आठवड्यांत ऐकलेलं सगळ्यात गोड वाक्य.

११ ऑगस्ट, रविवार

पी४ ३.१ वर.

लोड पत्ता बदलून नव्या रेस व्हॉल्यूमवरून (सिस्टीम जिच्यावरून उठते ती डिस्क) आयपीएल. कॅटलॉग अप्रत्यक्ष असल्याने सिस्टीमच्या डेटासेटचं व्हॉल्यूम नाव कुठेही कोरलेलं नाही. ज्या डिस्कवरून उठेल तीच तिची. परतीचा रस्ताही त्यामुळे सोपा: जुना पत्ता द्या, पुन्हा आयपीएल करा, २.४.

११:५२ ला पी४ सिसप्लेक्समध्ये सामील. १२:२० ला काम सोडायचं होतं, तिथे एक धडा मिळाला. रिकामी सिस्टीम दिसली की कामाचं वाटप करणारे सगळे तिच्याकडेच धावतात, कारण मोकळी क्षमता तिच्याकडे आणि रांग शून्य. पण तिचे बफर पूल थंड (स्मृतीत अजून काहीच नाही), प्रत्येक पानासाठी डिस्क किंवा कपलिंग फॅसिलिटी. पहिली चार मिनिटं प्रतिसादाचा वेळ तिप्पट. उद्दिष्टाच्या आत राहिला, पण कडेकडेने. पुढच्या वेळी एओआर एकेक करून उघडणार, दहा मिनिटांच्या अंतराने.

आता दोन आठवडे काही करायचं नाही. फक्त बघायचं.

१४ ऑगस्ट, बुधवार

ॲप्लिकेशनवाल्यांकडून तक्रार: एक नवा प्रोग्राम पी४ वर चालतो, पी१ वर पडतो. बघितल्यावर उलगडा झाला. काल त्यांचा बिल्ड जॉब योगायोगाने पी४ वर चालला. ३.१ च्या लायब्ररी धरून बांधलेला प्रोग्राम २.४ वर चालेलच, याची हमी नाही. उलट दिशेने चालतो.

हे आराखड्यात असायला हवं होतं, ती माझी चूक. चौघी वर जाईपर्यंत सगळे बिल्ड जॉब पी१ लाच बांधून टाकले, सिस्टीम ॲफिनिटी देऊन. गेला महिनाभर ॲफिनिटीला शिव्या घालणारे आम्ही, आज स्वतःच्या हाताने एक लावतोय. फरक एवढाच की हिला काढायची तारीख तिकिटात लिहिली आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

पी२ ३.१ वर. एओआर एकेक उघडले, प्रतिसादात फरक नाही. 'ब' यंत्र पूर्ण. पुढचा रविवार महिनाअखेरीचा आणि तिकडे लेबर डेची सुट्टी, म्हणून विंडो नाही.

८ सप्टेंबर, रविवार

घरी दीड दिवसाचा गणपती. आरती सकाळी आठलाच उरकली, विसर्जन संध्याकाळी. मधल्या वेळात पी३.

रिकामी करणं, डीबी२ थांबवणं, सगळं ठीक. मग ऑफलाइनची आज्ञा दिली आणि पी१ च्या कन्सोलवर आयएक्ससी१०२ए उभा राहिला: पी३ बंद होण्याची वाट बघतोय, ती खरंच खाली गेली असेल तर 'डाउन' असं उत्तर द्या. तिकडच्या ऑपरेटरची बोटं कीबोर्डवर आलेली होती. "थांब," म्हणालो, "आधी एचएमसीवर बघ."

हा प्रश्न औपचारिक नाही. 'डाउन' म्हटलं की बाकीच्या सिस्टीम गृहीत धरतात की पी३ आता कशालाही हात लावणार नाही, आणि तिच्याकडची संसाधनं मोकळी करतात. ती प्रत्यक्षात अजून श्वास घेत असेल आणि तिचं एखादं लिखाण डिस्कच्या वाटेवर असेल, तर एकाच जागी दोघी लिहिणार. असा बिघडलेला डेटा त्या क्षणी ओरडत नाही. तीन दिवसांनी कुणाची तरी पॉलिसी जुळत नाही, तेव्हा कळतं.

ऑपरेटरने एचएमसीवर बघितलं: पी३ ०ए२ वेट स्टेटमध्ये, म्हणजे थांबलेली. सिस्टीम रीसेट दिला आणि मगच उत्तर टाकलं. पी३ १२:०५ ला ३.१ वर उठली.

पण हा प्रश्न यायलाच नको होता. सिस्टीम स्टेटस डिटेक्शन चालू आहे, ते बीसीपीआयआयमार्फत (यंत्राशी थेट बोलण्याची सोय) यंत्रालाच विचारतं आणि माणसाला मधे आणत नाही. 'ब' वरच्या दोन्ही वेळा तसंच झालं होतं. दुपारी शोधलं: बीसीपीआयआयला लागणारा रॅकएफ प्रोफाइल (परवानगीची नोंद) यंत्रागणिक असतो, आणि 'अ' यंत्राचा कुणी कधी केलेलाच नव्हता.

मग जुने लॉग काढले. ३० जूनला पी३, २८ जुलैला पी१: दोन्ही वेळा हाच संदेश आला होता आणि दोन्ही वेळा तिकडून चार-पाच सेकंदांत 'डाउन' गेलं होतं. चार सेकंदांत कुणी एचएमसी बघत नाही. नशिबाने दोन्ही वेळा सिस्टीम खरंच खाली गेलेली होती. मी दोन्ही फेऱ्यांच्या नोंदीत 'सुरळीत' समजून पुढे गेलो होतो.

विसर्जनाला उशिरा पोचलो. भाऊ काही बोलला नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

'अ' साठी प्रोफाइल केला, चाचणी झाली. ऑपरेटरांच्या कामपत्रिकेत आयएक्ससी१०२ए आणि त्याचा भाऊ आयएक्ससी४०२डी, दोघांपुढे एकच ओळ: रीसेट केल्याची वेळ लिहिल्याशिवाय उत्तर देऊ नये. वेळ लिहायला लागली की हात आपोआप थांबतो, असा अंदाज.

१५ सप्टेंबर, रविवार

पी१, शेवटची. हिच्याकडे सिसप्लेक्स डिस्ट्रिब्युटरचं काम आहे, ते आधी पी२ कडे गेलं. कुठली जोडणी कुणाकडे आहे ही यादीही सोबत गेली, त्यामुळे इतर सिस्टीमवरच्या जोडण्या तशाच चालू राहिल्या. ऑफलाइन, या वेळी कन्सोलवर प्रश्न नाही. १२:१४ ला ३.१.

पी१ ला बांधलेला एक साप्ताहिक बॅच जॉब तासभर रांगेत ताटकळला, मग झाला. तो कुणाचा, का बांधला, कुणालाच ठाऊक नाही. तिकीट उघडलं.

बिल्ड जॉबची ॲफिनिटी संध्याकाळी काढली.

३० सप्टेंबर, सोमवार

२.४ चा आधार आज संपला. चारही सिस्टीमवर ३.१.

३.१ मधल्या नव्या सोयी अजून बंदच आहेत. ज्यांचा वापर सुरू केला की २.४ वर परतता येत नाही, त्यांची यादी वेगळी काढली आहे. पहिली तिमाही-अखेर नव्या आवृत्तीवर पार पडल्याशिवाय एकही चालू करायची नाही. एसएमपी/ई मध्ये ॲक्सेप्टही (बदल कायमचे करणं) तोवर नाही. २.४ ची रेस व्हॉल्यूम ३१ ऑक्टोबरपर्यंत पुसू नयेत, स्टोरेजवाल्यांना आज दुसऱ्यांदा कळवलं.

साप्ताहिक जॉबच्या मालकाचा पत्ता अजून लागलेला नाही.